जीभ न लावलेली काच

मी एका मेलेल्या बाईचा फोटो उलटा छापला.

उलटा म्हणजे डोकं खाली अन् पाय वर असा नव्हे. तेवढी अक्कल मला होती. डावीकडचं उजवीकडं आणि उजवीकडचं डावीकडं. आरशात दिसतं तसं. तिचं नाव चंद्रभागा. हे नाव मी इथं सुरुवातीलाच घालून टाकतो, कारण एकदा घातलं नव्हतं म्हणून ऐकून घेतलेलं आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं की वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, मग बोलपटवाला, मग लेखक असा तुमचा प्रवास वाचकांना सांगा. प्रवास कसला, एका दुकानातून हाकललेला माणूस दुसऱ्या दुकानात शिरतो, तसला तो प्रकार. चुकांच्या मानानं बघितलं तर मी जागचा हललेलोच नाही. म्हणून एकच चूक सांगतो. बाकीच्या तिचीच पिलं.

पोलीस अॅक्शन होऊन एक उन्हाळा गेला होता. निजामाचं राज्य गेलं होतं, पण लोकांच्या तोंडी अजून मोगलाईच होती. जालन्यात करीमचाचांच्या स्टुडिओत मी उमेदवारी संपवून नोकर झालो होतो. करीमचाचा हैदराबादेत शिकून आलेले उस्ताद. गावातली लग्नं, बारशी, शाळांचे गट आणि मयतं आम्हीच काढायचो. शिवाय गावात एक साप्ताहिक निघायचं, त्याला लागतील ते फोटो मी पुरवायचो. त्या जोरावर मी स्वतःला वृत्तछायाचित्रकार म्हणवून घेत असे. मी म्हणत असे. दुसरं कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

त्या काळात लोकांचा फोटोवर केवढा भरवसा होता ते आज सांगून पटायचं नाही. सराफ्यातल्या एका मारवाडी शेटजींचा मी एका अंगानं, तिरक्या उजेडात असा सुंदर फोटो काढला की उस्ताद म्हणाले, "वा." शेटजींनी तो उजेडात धरला आणि विचारलं, "म्हारो दूजो कान कठै?" मी कलेवर बोलू लागलो. ते म्हणाले, "भाया, घरनं निघालो तवा दोन होते. एक तुझ्या दुकानात राह्यला. शोध." फोटोत नसेल तर तो कान जगात नाही, असा तो हिशोब. मी हा किस्सा पुढं पुष्कळ वर्षं हसत हसत सांगितला. त्यातला धडा मात्र घेतला नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा आमच्या कॅमेऱ्यात फिल्म नसे, काच असे. काचेच्या एका बाजूला मसाला लावलेला; चित्र त्या मसाल्यात उमटतं. छापताना ही मसाल्याची बाजू कागदाला भिडली पाहिजे. कोरी बाजू भिडली तर चित्र उलटं छापलं जातं. उन्हात धरली तर कोणती बाजू मंद अन् कोणती चकचकीत ते कळतं, पण अंधारखोलीतल्या लाल कंदिलापुढं दोन्ही सारख्याच. मग ओळखायचं कसं? काचेचा कोपरा जिभेला लावायचा. चिकटली ती मसाल्याची. उस्तादांचा मला दिलेला पहिला अन् शेवटचा उपदेश हाच: "जबान लगाव, मियाँ. आँखां धोका देतीं, जबान नै देती." दिवसभरात पन्नास काचा चाटून माझ्या तोंडाला कायम एक तुरट चव असे. जेवण अळणी आहे की खारट ते आईला विचारावं लागे.

एके दिवशी सकाळी ठाण्यावरून निरोप आला. बदनापूर स्टेशनच्या पलीकडं एका मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत बाई सापडली आहे, ओळख पटत नाही, फोटो पाहिजे. उस्ताद हैदराबादेला गेलेले. मी कॅमेरा, तिकाटणं आणि काळं कापड घेऊन गाडीत बसलो. खरं सांगतो, मनातून खूश होतो. पहिल्यांदाच बातमीचा फोटो मिळणार होता.

बाई बाभळीखाली गोणपाटावर ठेवली होती. पंचवीसच्या आतलीच असेल. पाण्यात राहून चेहरा फुगला होता. नाकात चमकी, एका भुवईवर जुन्या जखमेची खोक. झोपलेल्या माणसाचा चेहरा फोटोत ओळखू येत नाही, म्हणून मयताचा फोटो बसवून काढायचा रिवाज. घरची माणसं धरून बसवतात. इथं घरचं कोण? शेवटी ठाण्याचे जमादार तिच्या मागं बसले, तिचं डोकं आपल्या छातीला टेकवलं आणि तोंड दुसरीकडं फिरवून म्हणाले, "जल्दी करा वो फोटूवाले. ही काई हसायची न्हाई आता." मी तिचा पदर खांद्यावर नीट केला. कपाळावरचे ओले केस बाजूला सारायला हवे होते. ते जमलं नाही. जमादारांनीच सारले.

घरी आलो. आईनं अंगणातच थांबवलं, डोक्यावरून पाणी घातलं, तुळशीचं पान तोंडात दिलं, मग आत घेतलं. मी दुकानात जाऊन काच धुतली, वाळवली आणि छापायला घेतली. लाल कंदिलासमोर ती काच हातात धरून उभा राहिलो. सवयीनं कोपरा ओठापर्यंत नेला अन् थांबलो. आत्ताच आंघोळ करून आलो, तुळशीचं पान अजून दाढेत आहे, आणि आता हिला जिभेला लावायचं? शहाणा माणूस! काच होती ती, प्रेत नव्हतं. पण अंगावर काटा आला तो आलाच. मी डोळ्यांनी अंदाज केला. उस्ताद काय म्हणत होते डोळ्यांबद्दल ते वर लिहिलेलं आहेच.

चित्र जरासं धूसर आलं. कोरी बाजू कागदाला लागली की तसं येतं. मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं असंच येत असेल.

एक अख्खी प्रत दोरीला अडकवून ठेवली. ठाण्यासाठी आणि साप्ताहिकासाठी जमादार झाकून नुसत्या चेहऱ्या-खांद्यांच्या प्रती काढल्या. साप्ताहिकात फोटो छापून आला, खाली माझं नाव. फोटोतल्या बाईची चमकी उजव्या नाकात, पदर उजव्या खांद्यावर. आपल्याकडच्या बायका चमकी डावीकडं घालतात. उजवीकडं घालतात त्या तेलंगणाकडच्या. हैदराबाद-मनमाडची गाडी त्या मळ्यावरूनच जाते. ठाण्यात बसून दोन शहाण्यांनी ठरवलं: तेलंगणी बाई, खडी फोडायला आलेली असणार, गाडीतून उतरली, पाणी प्यायला गेली, पाय घसरला. प्रत्यक्ष प्रेत बघितलेले जमादारही फोटो बघून म्हणाले, "असंल बाबा. मी काय तिच्या नाकाकडं बघत बसल्तो का?" वारस कोणी आला नाही. प्रेत टिकणार नव्हतं म्हणून तिला आधीच बेवारस अग्नी दिला गेला होता.

त्यानंतर आठवड्याभरात एक शेतकरी दुकानाची पायरी चढला. उन्हानं काळाठिक्कर पडलेला, डोक्याला मुंडासं, हातात वहाणा.

"इहिरीतल्या बाईचा फोटू काढनारे तुम्हीच का?"

"मीच."

"मी सखाराम. टेंभुर्णीचा. पोर बदनापूरकडं दिली व्हती. सासरचे म्हंतात, भांडून म्हायेरी गेली. म्हायेरी तर आली न्हाई. बाजारात मानसं बोलून राह्यले की पेपरात फोटू आलाय. पेपरातलं काई समजंना, निस्ते ठिपके. बराबर दावा एकदा."

मी फोटो हातात दिला. त्यानं तो लांब धरला, जवळ धरला. मग बोट एकेका खुणेवर ठेवू लागला, गाय विकत घेताना ठेवावं तसं.

"चमकी उजव्या नाकात. चंद्रीची डाव्या. खोक उजव्या भिवईला. चंद्रीची डाव्या, लहानपनी वासरानं मारल्तं. पदरबी तिकडूनच." त्यानं मान वर केली. "न्हाई वो. बिलकुल न्हाई. ही माही पोर न्हाई."

आणि तो पायरीवर बसून मुंडाशात तोंड खुपसून रडला. मग उठला, शेजारच्या हलवायाकडून पेढे आणले. "खा, पाव्हनं. माही चंद्री जित्ती हाय."

मी खाल्ला. चांगला होता. त्यानं आग्रह केला म्हणून दुसराही खाल्ला.

"ह्यो फोटू द्या मला," तो म्हणाला. "घरी तिची माय रडून रडून अर्धी झाली. दावतो तिला. म्हंजे बसंल गप." मी दिला. वर शुभेच्छाही दिल्या. पोर जिवंत असलेल्या बापाला निरोप देताना जितकं बरं वाटतं, तितकं बरं मला दिवसभर वाटत होतं.

उस्ताद हैदराबादेहून परतले. दुकान झाडून घेत असताना दोरीवरची ती अख्खी प्रत त्यांच्या नजरेला पडली. चष्मा वर करून त्यांनी बघितलं आणि हसले. "अरे मियाँ, ये जमादार अपनी जोरू का झंपर पैन के आया था क्या?"

मला कळेना. त्यांनी जमादारांच्या छातीवर बोट ठेवलं. "बटनां देखो."

पुरुषाच्या सदऱ्याची एक पट्टी वर असते, बायकांच्या झंपराची दुसरी. फोटोतल्या जमादारांची बायकांसारखी होती. मी स्वतःच्या सदऱ्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं. उस्तादांचं हसू कधी थांबलं ते मला समजलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "जबान लगाया था?"

त्यांनी काच कोनाड्यातून काढली, कोपरा स्वतःच्या जिभेला लावला, मसाल्याची बाजू खाली घालून माझ्यासमोर नवी प्रत छापली. टाकीतल्या पाण्यात तिचा चेहरा हळूहळू वर आला. चमकी डावीकडं. खोक डावीकडं. या वेळी धूसर नव्हती.

मी आधी ठाण्यात गेलो. टेंभुर्णीपेक्षा ते सोपं होतं. जमादारांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले. "तवा ह्यो दिला. आता म्हंता ह्यो. उद्या कोर्टात उभं केलं तर कोनता उल्टा म्हनसाल?" मी म्हटलं, निदान सासरच्यांना तरी विचारा. ते म्हणाले, "काय इचारू? बाई जळाली. कागद बंद झाला. अन् तिचा बाप सोता हितं येऊन सांगून गेला की ही माही पोर न्हाई. बापापेक्षा तुम्ही ज्यादा वळखता का?"

तिचा पाय घसरला, की कोणी घसरवला, की तिनंच उडी घेतली, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, कारण कोणी विचारलंच नाही. माझ्या फोटोनं विचारायचं कारणच ठेवलं नव्हतं. नवऱ्यानं पुढच्या लग्नसराईत दुसरी केली. वरातीचा फोटो काढायला आमच्याच दुकानात निरोप आला होता. उस्तादांनी कॅमेरा बिघडला म्हणून सांगितलं.

टेंभुर्णीला गेलो तेव्हा सखाराम अंगणात दावं वळत होता. मला बघून त्याला आनंद झाला. बायकोला हाक मारली, "गिरजे, चहा टाक. चंद्री जित्ती हाय म्हननारे फोटूवाले आले." गिरजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, हाडकुळी बाई. चहाचं काही बोलल्या नाहीत. त्यांना मी कशाला आलो ते माझ्या चपला काढण्यावरूनच समजलं होतं, असं मला वाटतं.

मी नवा फोटो सखारामपुढं धरला आणि समजावू लागलो. मी फार समजावलं. काच सांगितली, मसाला सांगितला, जीभ सांगितली, जीभ का लावली नाही तेही सांगितलं. त्याच्या चंचीतलं पान घेऊन पालथं-उताणं करून दाखवलं. मी जितका बोलत गेलो तितका सखारामचा चेहरा बंद होत गेला.

"पानाला पालथं-उतानं असतं," तो म्हणाला. "मानसाला कुठं असतं?"

"फोटोत असतं."

"तवा उजवीकडं व्हती. आता डावीकडं आनली. तुमच्या हातात हाय ते. उद्या ही म्हन्ली तर चमकी मधोमध बसवून आनसाल."

गिरजाबाईंनी हात पुढं केला. मी फोटो दिला. त्यांनी खुणा तपासल्याच नाहीत. "ह्यान्नी पैला फोटू आनला तवाच मी म्हन्लं व्हतं, ही आपली हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये म्हन्ले, नाक बघ. मी म्हन्लं, मी तोंड बघून राह्यले."

"दिवस घालायचे राह्यले तिचे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पान्याइना हाय पोरगी."

"जित्त्या पोरीचे दिवस घालू?" सखाराम ओरडला. "माह्या हातानं?"

सासरच्यांनी हात झटकलेले, अन् बाप असताना आईनं पाणी सोडायचं नाही. त्यामुळं त्या घरात एका पोरीचे दोन फोटो राहिले. उजव्या चमकीचा सखारामच्या बंडीच्या खिशात, डाव्या चमकीचा गिरजाबाईंच्या देवळीत, देवांच्या मागं. बापाची पोर जिवंत, आईची मेलेली. मी चहा न पिता परत आलो. कोणी केलाही नव्हता.

पुढं सखाराम हंगाम संपला की गाडीत बसायचा. परभणी, नांदेड, निजामाबाद. चंद्री तेलंगणात कामाला गेली असणार, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. तेलंगणाचं खूळ ठाण्यातून उडून त्याच्या डोक्यात कसं बसलं ते सांगायला नको. खिशातला फोटो दाखवून तो विचारत फिरायचा, "हिच्यासारखी, पन चमकी डावीकडं." जाता-येता जालन्याला उतरून दुकानात डोकवायचा. "न्हाई गावली," एवढं सांगायचा आणि फळीवर बसायचा. माझ्यावर त्याचा राग नव्हता. चंद्री जिवंत असल्याचं पहिल्यांदा माझ्याच दुकानात कळलं होतं, म्हणून उलट लोभ होता. रागावला असता तर मी तिथं टिकलो असतो.

मी फोटोचा धंदा सोडून चित्रपटाकडं का वळलो, असं मुलाखतींत विचारतात. मी सांगतो, गतीची ओढ. खरं कारण म्हणजे त्या फळीवर बसणारा सखाराम. मुंबईला गेलो, दोन वर्षं दुसऱ्यांचे दिवे उचलले, आणि चालत्या चित्राचा कॅमेरा शिकून परत आलो. माझ्या पहिल्या चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी मी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत फार तन्मयतेनं काम केलं. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती.

मग एका सरकारी खात्यानं नारूवर छोटा माहितीपट काढायला सांगितलं. नारू म्हणजे पायातून निघणारा तो हातभर किडा. तेव्हा आमच्या भागात घराघरात असे. लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरतात, रोग्याचे पाय पाण्यात बुडतात, पाण्यातून तो पसरतो. तेव्हा पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, पाणी गाळून प्या, असा तो उपदेश. अधिकाऱ्यांना स्टेशनजवळची पायऱ्यांची विहीर हवी होती. कोणती निवडली गेली ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल. मी तिथं तीन दिवस कॅमेरा लावला. बाभूळ तोडलेली होती.

कच्चं चित्र बघून अधिकारी म्हणाले, "छान आहे. पण थोडं दुःख घाला. या विहिरीनं जीव घेतलेत असं काहीतरी." माझ्यापाशी दुःख तयार होतं. मी उस्तादांकडून ती काच मागून आणली, चंद्रभागेचा चेहरा कॅमेऱ्यावर उतरवला आणि विहिरीच्या दृश्यापुढं जोडला. जोडताना जीभ लावली. दोनदा लावली. यातही माझा काही थोर हेतू होता असं समजू नका. वेळ भरून काढायचा होता.

खात्याची जीपगाडी गावोगाव हा माहितीपट दाखवत फिरू लागली. यंत्र चालवायला माणूस नव्हता म्हणून मी बरोबर. जाफराबादकडचा दौरा लागला आणि यादीत टेंभुर्णी आलं. मी आजारी पडायचा प्रयत्न केला, तो फसला. मनाशी म्हटलं, म्हातारा गाडीनं नांदेडकडं गेलेला असेल.

दिवेलागणीनंतर बाजारतळावर दोन लिंबांच्या मध्ये पडदा बांधला. पडदा म्हणजे धोतरं जोडून शिवलेलं कापड. त्यातून चित्र पलीकडंही झिरपतं. खेड्यांतली बसायची पद्धत ठरलेली असे: पुरुष अलीकडं, यंत्राच्या बाजूला, बायका पलीकडं, पडद्यामागं. त्यांना सगळं उलटं दिसे. मंत्री डाव्या हातानं नमस्कार घ्यायचे, शेतकरी डाव्या हातानं पेरायचा. बायकांची काही तक्रार नसे. जन्मभर मागूनच बघायची सवय.

यंत्र सुरू केलं आणि उजेडात पहिल्या ओळीतलं मुंडासं दिसलं. सखाराम. खूप वाळला होता.

विहीर आली. लोक कुजबुजले. मग तिचा चेहरा आला, दोन लिंबांच्या मध्ये, माणसापेक्षा मोठा. चमकी डावीकडं, खोक डावीकडं. दोन दमांत चेहरा गेला आणि पाणी कसं गाळावं ते सुरू झालं.

सखाराम उठून यंत्रापाशी आला. "परत लाव."

मी फिल्म मागं गुंडाळली. तो जागेवर बसला नाही. पडद्याला वळसा घालून पलीकडं, बायकांत शिरला. गलका उडाला. "अय्, म्हाताऱ्या! बायांत कुठं शिरतो?" "याड लागलं का?" तेवढ्यात मागून गिरजाबाईंचा आवाज आला, "येऊ द्या त्यान्ला."

पुन्हा विहीर, पुन्हा तिचा चेहरा. सखाराम मला दिसत नव्हता. पडद्याच्या खालच्या काठाशी त्याच्या वहाणा दिसत होत्या, बायकांच्या पायांमध्ये, पडद्याला अगदी भिडलेल्या. त्या बाजूनं त्याला त्याच्या खिशातला फोटो दिसत असणार. चमकी उजवीकडं.

वहाणा वळल्या. तो फिरून अलीकडं आला. "अजून एक डाव."

तिसऱ्यांदा चेहरा आला तेव्हा तो पडद्याला नाक लावून उभा होता. त्यानं तळहात कापडावर ठेवला. तिची भुवई त्याच्या बोटांवर पडली. त्यानं कापडाची कड धरून जराशी उचलली, पलीकडं डोकावला, सोडली.

"अल्याडबी तीच," तो म्हणाला. "पल्याडबी तीच."

मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बंद कर आता."

मी बंद केलं. अंधार झाला आणि पडद्यामागून गिरजाबाईंनी हंबरडा फोडला. इतकी वर्षं दाबून ठेवलेला तो आवाज होता. पाठोपाठ बाकीच्या बायकांनी सूर धरला. पुरुष अंधारात बसून राहिले. नारूचा उपदेश त्या गावाला आजतागायत पूर्ण मिळालेला नाही.

सखारामनं दिवस घातले. पोरीला पाणी मिळालं. पिंडाला कावळा लगेच शिवला की वाट बघावी लागली ते मला ठाऊक नाही. मला बोलावलं नव्हतं.

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तर कलावंत! हा प्रसंग मी आधी अधिकाऱ्यांना सांगितला, ते गहिवरले. मग एका सभेत सांगितला, टाळ्या पडल्या. दर खेपेला तो सुधारत गेला. तिसऱ्या सभेपर्यंत पडदा तसा बांधण्याची युक्ती माझी झाली होती. पाचव्या सभेत, एका बापाला सत्य दाखवण्यासाठी मी मुद्दाम टेंभुर्णीचा दौरा मागून घेतला होता. एका प्रकाशकानं पुस्तक लिहा म्हटलं, लिहिलं. छपाईसाठी फोटोचा ब्लॉक करणाऱ्याच्या डोक्यावर बसून फोटो सुलटा छापून घेतला. मजकूर मात्र पार उलटा होता.

पुस्तकाची पहिली प्रत घेऊन मी टेंभुर्णीला गेलो. सखाराम आदल्या हिवाळ्यात वारला होता. गिरजाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसून ते प्रकरण त्यांना वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज चढवून उतरवून. माझी तळमळ, माझी युक्ती, पडद्यामागचा प्रकाश. त्यांचे हात थांबले नाहीत.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात माह्या लेकीचं नाव कुठशीक आलं?"

मी म्हटलं, नाव घातलेलं नाही. 'एक अज्ञात स्त्री' असं लिहिलंय. तुमच्या घराची अब्रू म्हणून.

"मंग कोनाचं नाव हाय?"

"माझं," मी म्हणालो.

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"फोटूवाले, लावायची तवा जीभ लावली न्हाई. आता आवरा तरी."